कुत्रा धापा का टाकतो?

वैशाख तापला म्हणजे वर्धा जिल्ह्यात पारा कधी कधी 45 अंशांच्याही वर जातो. अशा दुपारी अल्लीपूरच्या एखाद्या गल्लीत जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा दिसला, की "पिसाळला, पिसाळला" अशी हाकाटी होते आणि पाठोपाठ दगड येतात. हा न्याय की अन्याय, हे ठरविण्यापूर्वी त्या प्राण्याची घडण आपण पाहिली पाहिजे.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला; भक्ष्यामागे धावून त्याला दमविणारा. तो आपल्यासारखी टाच टेकीत नाही, बोटांवर चालतो. त्याच्या मागच्या पायाचा जो उलटा गुडघा आपल्याला वाटतो, ती वास्तविक त्याची टाच होय. यामुळे ढांग लांब पडते. आपल्या गळ्याखाली दोन्ही बाजूंस आडवे हाड असते. कुत्र्यात ते जवळजवळ नाहीसे झाले आहे. त्याचे धड पुढच्या पायांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते, म्हणून हे पाय मोकळेपणी मागेपुढे सरकतात. लातूरकडच्या कारवानी कुत्र्याची खोल छाती व बारीक कंबर पाहिली, की ही सारी रचना धावण्यासाठी आहे हे पटते. पळणारा दिसला की पाठलाग करणे हाही त्याच घडणीचा स्वभाव. म्हणून त्याच्यापुढून पळू नये, स्तब्ध उभे राहावे.

धावणाऱ्याचे अंग तापते. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांनाच येतो. तेव्हा भराभर श्वास घेऊन जीभ, तोंड व नाक यांवरील ओलावा तो वाळवितो आणि रक्त थंड करतो. माठ पाझरून पाणी गार होते, तोच हा न्याय. नालीत बसणे, ओली माती उकरून पोट टेकणे, ही त्याचीच खटपट.

पिसाळण्याची लक्षणे निराळी. जबडा लोंबतो, घोट गिळवत नाही, लाळ सारखी गळते, आवाज बदलतो, चाल अडखळते, वाटेल त्याला तो चावत सुटतो. अशा कुत्र्यापासून दूरच राहावे. परंतु ही लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीच लाळेत विष उतरलेले असू शकते. म्हणून कोणताही कुत्रा चावो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लुई पाश्चरने 1885 साली या रोगावरची लस माणसाला प्रथम दिली; पूर्वी पोटात घ्यावी लागणारी इंजेक्शने आता दंडात देतात. रोग एकदा प्रकट झाला, की मात्र वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

सावलीत निमूट धापा टाकणाऱ्याला दगड नको; दारापाशी पाण्याचे एक भांडे ठेवले तरी पुरे.