वेळ लवचीक, पण दोरी कोणाच्या हाती?

सप्टेंबर २०१८. जर्मनीतला एक विक्री अधिकारी सकाळी अंथरुणातून उठला आणि नेहमीप्रमाणे न्याहारी न करताच कामाला निघाला. कामाची जागा लांब नव्हती. त्याच घरात, एक मजला खाली. गोल जिना उतरताना पाय घसरला आणि पाठीचा मणका मोडला. अपघात विमा संस्थेने हात वर केले. घरातल्या जिन्यावरून पडणे हा घरगुती अपघात, त्याचा कामाशी काय संबंध? वाद खालच्या न्यायालयांतून फिरत कासेल इथल्या संघीय सामाजिक न्यायालयात पोचला. ८ डिसेंबर २०२१ रोजी निकाल लागला. तो माणूस कामाला सुरुवात करण्यासाठीच जिना उतरत होता, म्हणून हा कामावरचाच अपघात आहे, असे न्यायालयाने सांगितले.

वाचायला हे गमतीदार वाटते. पण या निकालाने एक गोष्ट मान्य केली. काम घरात आले की कामाचे धोकेही घरात येतात. त्याच वर्षी जर्मनीने कायद्यात दुरुस्ती केली होती. त्यानुसार घरून काम करताना पाणी प्यायला किंवा काही खायला स्वयंपाकघरात जाताना झालेला अपघातही कार्यालयातल्या अपघातासारखाच धरला जातो.

मोडलेला मणका एक्स-रेमध्ये दिसतो. घरून काम करण्याचे काही परिणाम मात्र कुठल्याच एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. रात्री दहाला वाजलेला मेसेज, जेवताना उघडा ठेवलेला लॅपटॉप, रविवारी 'फक्त पाच मिनिटांचा' कॉल. यांची नोंद कुठे होत नाही, पण शरीर ती ठेवत असते.

शरीराचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एक मोठा अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. एकट्या २०१६ या वर्षात दीर्घ कामाच्या तासांमुळे जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा हा अंदाज आहे.

पण प्रश्न नुसत्या तासांचा नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ यान डेटमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कामाच्या वेळेनंतरही फोनवर उपलब्ध राहावे लागणाऱ्या कर्मचाऱ्यांची त्यांनी पाहणी केली. चार दिवस उपलब्ध राहण्याच्या सक्तीचे आणि चार दिवस पूर्ण मोकळे. सक्तीच्या दिवसांनंतर सकाळी उठल्यावर मनःस्थिती खालावलेली दिसली आणि ज्यांची लाळ तपासली, त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाच्या पातळीतही फरक आढळला. फोन हाताशी ठेवून बसणे ही विश्रांती नव्हे, असाच या अभ्यासाचा अर्थ.

युरोपीय न्यायालयानेही वेगळ्या वाटेने याच्या जवळ जाणारी गोष्ट सांगितली आहे. बेल्जियममधल्या निवेल शहरातला एक अग्निशामक घरीच असायचा, पण बोलावणे आले की आठ मिनिटांत केंद्रावर हजर होणे त्याला बंधनकारक होते. आठ मिनिटांच्या परिघात बांधलेला माणूस मोकळा नसतो, म्हणून तो वेळ कामाचाच धरावा लागेल, असा निकाल २०१८ मध्ये लागला.

विश्रांती म्हणजे नेमके काय, यावर मानहाइम विद्यापीठातील झाबिने झोनेनटाग यांनी बराच अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीत शरीराने कार्यालय सोडणे पुरेसे नसते. मनानेही काम सोडावे लागते. हे 'मनाने सुटणे' ज्यांना जमत नाही, त्यांची झोप बिघडते आणि थकवा दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर जमा होतो. पूर्वी घरी परतण्याचा प्रवास, कपडे बदलणे, हातपाय धुणे यांतून ही सुटका नकळत होत असे. घरून काम करताना लॅपटॉप बंद करणे आणि पोळी लाटायला घेणे यांत दोन मिनिटांचे अंतरही उरत नाही.

सोय कोणाची?

मग घरून काम करणे आरोग्याला वाईट का? तसेही नाही. दीड-दोन तासांचा प्रवास वाचतो, मुलांना शाळेतून आणता येते, दुपारी डॉक्टरकडे जाता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि डब्लिनची 'युरोफाउंड' ही संस्था यांच्या २०१७ च्या संयुक्त अहवालात दोन्ही बाजू दिसतात. प्रवास वाचल्याचे आणि स्वायत्तता मिळाल्याचे समाधान आहेच. पण सतत फिरतीवर, कुठूनही काम करणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांनी ताण जाणवत असल्याचे सांगितले. कार्यालयात बसणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते.

एकाच सोयीतून एकाला आराम आणि दुसऱ्याला ताण मिळतो, हे कसे? त्याचे उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत सापडते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल-२' या अभ्यासात १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे माग ठेवण्यात आला. ज्यांना आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त दिसले. कामाचा बोजा आणि कामावरचा ताबा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बोजा मोठा आणि ताबा शून्य, ही जोडी सर्वांत घातक.

लवचीक कामाच्या पद्धतींवर 'कॉक्रेन' या संस्थेने २०१० मध्ये घेतलेला आढावाही याच दिशेला जातो. आपली पाळी स्वतः ठरवणे, निवृत्तीकडे टप्प्याटप्प्याने जाणे, असा ताबा कर्मचाऱ्याच्या हाती देणाऱ्या पद्धतींचा आरोग्यावर चांगला परिणाम होण्याची शक्यता दिसली. मालकाच्या सोयीसाठी लादलेल्या पद्धतींचा परिणाम संमिश्र किंवा वाईट होता. आढाव्यात बसणारे अभ्यास फक्त दहा होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. पण युरोपातले कायदे वाचताना हा प्रश्न हाताशी ठेवावा: वेळेची दोरी कोणाच्या हाती आहे?

देश तितक्या रीती

युरोपीय संघात पाया एकच आहे. २००३ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या निर्देशानुसार दर २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती आणि आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा. या पायावर प्रत्येक देशाने आपापली भिंत बांधली आहे.

फिनलंडने सुरुवात बरीच आधी केली. १९९६ च्या कायद्यानेच तिथे कामावर येण्या-जाण्याची वेळ तीन तासांपर्यंत मागेपुढे करण्याची सोय झाली होती. १ जानेवारी २०२० पासून, म्हणजे महासाथीच्या आधीच, नवा कायदा लागू झाला. त्यात अशा कामाचा एक प्रकार आहे, ज्यात किमान निम्मा वेळ कधी आणि कुठे काम करायचे हे कर्मचारीच ठरवतो. दोरी बऱ्याच अंशी त्याच्या हाती.

फ्रान्सने दुसऱ्या टोकाला हात घातला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००४ मध्ये एका रुग्णवाहिका चालकाचे प्रकरण आले होते. जेवणाच्या सुटीत वैयक्तिक मोबाइल उचलला नाही म्हणून त्याला कामावरून काढले होते. कामाच्या वेळेबाहेर स्वतःच्या फोनवर न सापडणे हा गुन्हा नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. १ जानेवारी २०१७ पासून हे तत्त्व कायद्यात आले. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना 'संपर्क तोडण्याच्या हक्का'बाबत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करणे बंधनकारक झाले. मात्र रात्री किती वाजता मेल बंद, हे कायदा सांगत नाही. ते बोलण्यांवर सोपवले आहे.

पोर्तुगालने प्रश्नच उलटा मांडला. जानेवारी २०२२ पासून तिथे कर्मचाऱ्याने फोन न उचलण्याऐवजी साहेबानेच फोन न करणे अपेक्षित आहे. विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क न साधणे ही मालकाची जबाबदारी झाली; अपवाद फक्त अटळ आपत्तीचा. हा फरक महत्त्वाचा आहे. 'तुला फोन न उचलण्याचा हक्क आहे' असे म्हटले की भार धाकट्यावरच येतो. बढती तोंडावर असताना कोण साहेबाचा फोन कट करेल? पोर्तुगालच्या कायद्यात आणखी दोन गोष्टी लक्ष वेधतात. घरून काम करणाऱ्याला दिवसभर कॅमेरा सुरू ठेवायला लावता येत नाही. आणि एकटेपणा टाळण्यासाठी वरिष्ठ व सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष भेट घडवावी लागते. करारात काही ठरलेले नसेल तर निदान दोन महिन्यांतून एकदा. एकटेपणाला कायद्याने आरोग्याचा धोका मानल्याचे असे उदाहरण विरळाच.

स्पेनमध्ये तीन महिन्यांच्या काळात ३० टक्के किंवा अधिक वेळ घरून काम होत असेल, तर लेखी करार आणि खर्चाची भरपाई आवश्यक आहे. बेल्जियममध्ये केंद्रीय सरकारी कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२२ पासून, तर किमान २० कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांतील लोकांना २०२३ पासून संपर्क तोडण्याचा हक्क मिळाला. आयर्लंडमध्ये त्यासाठी २०२१ पासून आचारसंहिता आहे. त्याआधीही, २०१८ मध्ये, रात्री उशिरापर्यंत मेल हाताळाव्या लागणाऱ्या एका अधिकारी महिलेला तिथल्या कामगार न्यायालयाने ७,५०० युरोंची भरपाई मिळवून दिली होती. आधार होता ४८ तासांच्या जुन्याच मर्यादेचा.

सगळीकडे पुढेच पावले पडली असे नाही. नेदरलँड्समध्ये कामाची जागा निवडण्याचा हक्क बळकट करणारे विधेयक कनिष्ठ सभागृहाने २०२२ मध्ये मंजूर केले; सप्टेंबर २०२३ मध्ये वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक कामाची मागणी करता येते. पण तो हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. जर्मनीत जिन्यावरच्या अपघाताला संरक्षण आहे, पण घरून काम करण्याचा सर्वसाधारण हक्क नाही.

कायद्याच्या बाहेर उरलेले

हे कायदे मुख्यतः टेबलखुर्चीवर काम करणाऱ्यांसाठी आहेत. परिचारिका, बसचालक, कारखान्यातला कामगार यांना घरून काम करता येत नाही. त्यांच्यासाठी लवचिकता म्हणजे पाळीचे वेळापत्रक पुरेसे आधी कळणे आणि त्यात स्वतःचे म्हणणे असणे. स्त्रियांच्या बाबतीत तर घरून काम म्हणजे अनेकदा एकाच वेळी दोन नोकऱ्या. संघाच्या २०१९ च्या निर्देशाने किमान आठ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आई आणि बाबा दोघांनाही लवचीक वेळ मागण्याचा हक्क दिला आहे. तो फक्त आईनेच वापरला, तर कामाची जागा बदलेल. घरातली कामाची वाटणी मात्र तशीच राहील.

आणि हे संरक्षण सीमेवर थांबते. फ्रँकफुर्टमधल्या कार्यालयात संध्याकाळचे पाच वाजतात, तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. तिथला कर्मचारी दिवसातली शेवटची बैठक उरकून घरी जातो. त्याच बैठकीत हिंजवडीहून बसलेल्या सहकाऱ्याची जेवणाची वेळ टळून गेलेली असते. ११ तासांच्या विश्रांतीचा युरोपीय नियम पहिल्याला लागू आहे, दुसऱ्याला नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये संपर्क तोडण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर यातल्या काही गोष्टी घरातही करता येण्यासारख्या आहेत. कामाची जागा आणि झोपण्याची जागा शक्यतो वेगळी ठेवावी. काम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटे पायी चक्कर मारावी. हरवलेल्या प्रवासाची जागा ती भरून काढते. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीत आणि पाठीला आधार असावा. पलंगावर लोड लावून केलेले काम मान आणि कंबर विसरत नाहीत. ऑफिसच्या मेलची सूचना रात्री बंद ठेवावी आणि आपण किती वाजेपर्यंत उपलब्ध आहोत हे सहकाऱ्यांना आधीच सांगावे. हाताखाली माणसे असतील, तर पोर्तुगालचा धडा आपणच गिरवावा. रात्री सुचलेले काम लिहून ठेवावे आणि मेल सकाळी पाठवावा. एका माणसाने इतके पाळले, तरी त्याच्या हाताखालची चार-पाच माणसे रात्री शांत झोपू शकतात.