होमस्टेची वही मोबाईलमध्ये, पण साठा आपल्याच घरात

'क्लाउडमध्ये ठेवलंय' म्हणतो तेव्हा ते असतं कुठे? दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर आपल्या घरात कसा ठेवायचा, ते आज बघू.

लोहगडवाडीचं उदाहरण घेऊ. मळवली स्टेशनला उतरून भाजेमार्गे चालत येणारे ट्रेकर गडाच्या पायथ्याला इथेच टेकतात. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांत लोहगडही आहे. समजा, तुम्ही इथे घरगुती जेवण आणि मुक्काम सुरू केलात. शनिवारी किती पानं, ॲडव्हान्स कुणाचा आला, तांदूळ काय भावाने घेतला, सगळं एकाच मोबाईलमध्ये. तो पावसात भिजला तर? रविवारी दारात वीस माणसं उभी, आणि पैसे कुणी भरलेत तेच माहीत नाही!

यासाठी जॉप्लिन नावाचं मोफत नोट्स ॲप आहे. नोट आधी मोबाईलमध्येच सेव्ह होते, नेट आलं की साठ्यावर जाते. त्यामुळे लाईट गेली, रेंज गेली तरी लिहिणं थांबत नाही. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं.

साठा म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज. स्टेशनच्या क्लोकरूमसारखं समजा: बॅग दिली, पावती घेतली, पावती दाखवली की बॅग परत. ॲमेझॉनने 2006 मध्ये एसथ्री नावाने ही सेवा सुरू केली. तीच भाषा बोलणारं गॅरेज हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. तो सरासरी 5 वॅट खातो असं धरलं, तर महिन्याला साधारण 3.6 युनिट. गॅरेजमध्ये एक बकेट आणि चावीची जोडी तयार करायची. जॉप्लिनच्या सिंक सेटिंगमध्ये एसथ्री निवडून बकेटचं नाव, पत्ता, रीजन आणि दोन्ही चाव्या भरायच्या. 'फोर्स पाथ स्टाइल' चालू ठेवा, नाहीतर पत्ता बरोबर असूनही जोडणी अडते. बाजाराला कामशेतला गेल्यावरही घरचा साठा दिसायला हवा असेल, तर टेलस्केल वापरा. राउटरमध्ये पोर्ट उघडत बसायची गरज नाही.

घरात दोघंतिघं लिहिणार असाल तर प्रत्येक बुकिंगची वेगळी नोट करा. एकच लांबलचक नोट दोघांनी एकाच वेळी बदलली, तर जॉप्लिन एकाचं लिखाण वेगळ्या 'कॉन्फ्लिक्ट' वहीत टाकतं, आणि ते जुळवत बसावं लागतं. एन्क्रिप्शन चालू करा, पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो विसरलात तर नवीन मोबाईलवर नोट्स उघडणार नाहीत. पाहुण्यांच्या आधारचे फोटो नोट्समध्ये साठवू नका, तिथे त्यांचं काम नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे! एका मोबाईलवर नोट कायमची डिलीट केली, तर सिंक झाल्यावर ती सगळीकडून जाते. म्हणून दर सोमवारी, गर्दी ओसरल्यावर, कॉम्प्युटरवरच्या जॉप्लिनमधून एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा.

आणि स्पष्ट सांगतो, तुम्ही एकटेच असाल आणि फोनही एकच असेल, तर एवढा खटाटोप नको. दर आठवड्याची पेनड्राइव्हची कॉपी पुरे. दुसरा लिहिणारा आला की मग हा साठा उभारा. उभारल्यावर खऱ्या बुकिंगआधी एक चाचणी करा: फोनचं नेट बंद करून नोट लिहा, नेट चालू करा, दुसऱ्या फोनवर ती येते का बघा. मग पेनड्राइव्हवरची कॉपी जुन्या लॅपटॉपवर उघडून बघा.