डॉलर आणि दलालाचं कर्ज

अमेरिकेच्या युद्धकाळात इराकमध्ये ब्लॅकवॉटर या खासगी अमेरिकी सुरक्षा कंपनीचे रक्षक आले, तसे नेपाळी मजूरही. दोघेही पैशासाठीच. एका रक्षकामागे कंपनी अमेरिकी सरकारला दिवसाला १,२२२ डॉलर लावते, असं अमेरिकी काँग्रेसच्या समितीने २००७ मध्ये नोंदवलं. (रक्षकाच्या हाती अर्थात त्याहून कमी.) नको वाटलं तर तो घरी परतू शकत होता.

ऑगस्ट २००४ मध्ये अपहरण करून मारलेल्या १२ नेपाळींपैकी अनेकांना मात्र नोकरी इराकमध्ये नव्हे, जॉर्डनमधल्या अम्मानच्या हॉटेलात असल्याचं सांगितलं होतं. दलालाला द्यायला घरच्यांनी कर्ज काढलेलं. अशा माणसाचा ‘हेतू’ विचारणं जरा क्रूरच.

२००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटरच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मारले गेले. दोषी ठरलेल्या चार रक्षकांना ट्रम्प यांनी डिसेंबर २०२० मध्ये माफी दिली.