मिरी, मेंथॉल आणि वाहणारे नाक : आयन-मार्गिकांची भूमिका

तंजावर परिसरात सांबा हंगामातील भाताची कापणी साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत होते. मळणीची धूळ उडू लागली की अनेकांना शिंकांनी हैराण केले जाते. अशा वेळी घरोघरी मिऱ्याचे रसम होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांत सुंठ, मिरे व पिंपळी यांची आठवण निघते. या तिखट पदार्थांचा नाकाशी नेमका काय संबंध आहे, याचे बरेचसे उत्तर गेल्या तीन दशकांतील संशोधनाने दिले आहे.

तंजावरला या प्रश्नाची परंपरा आहे. सरफोजी राजे (दुसरे) यांनी १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा एकत्र अभ्यास घडवून आणला. तेथील औषधयोजना तमिळ पद्यात संकलित झाल्या आणि पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने त्या प्रसिद्ध केल्या. औषध कोणते, हे त्या वैद्यांनी नोंदवून ठेवले. ते पेशीत कोठे लागू पडते, हे पाहण्याचे साधन मात्र त्या काळी कोणाकडेच नव्हते.

पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात. त्यांतून कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड यांचे विद्युत्‌भारित कण, म्हणजेच आयन, ये-जा करतात. या द्वारांना आयन-मार्गिका म्हणतात. अशा एकेका मार्गिकेतील क्षीण प्रवाह मोजण्याचे तंत्र विकसित करणारे एर्विन नेहर व बर्ट साकमान यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मिरचीतील कॅप्सेसिन ज्या मार्गिकेला उघडते ती टीआरपीव्ही-१ ही मार्गिका डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधली. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरील उष्णतेनेही ती उघडते. तिखट ‘गरम’ लागते ते याचमुळे. मिऱ्यातील पायपरिन हे द्रव्यही तिच्यावरच कार्य करते. नाकातील मज्जातंतूंवर ही मार्गिका असते. ती उघडली की मेंदूकडे जळजळीचा संदेश जातो, आणि त्याच वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या फुगतात, ग्रंथी पाझरू लागतात. सूज असलेल्या नाकात ती अधिकच हळवी होते. धूर, अत्तराचा वास किंवा थंड हवेची झुळूक एवढ्यानेही मग शिंका सुरू होतात. ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासमवेत २०२१ चे नोबेल देण्यात आले.

ॲलर्जीचा आरंभ मात्र मास्ट पेशींत होतो. धूळ वा परागकणातील प्रथिन या पेशींवरील प्रतिपिंडांना चिकटले की पेशीच्या आतील कॅल्शियमचा साठा रिकामा होतो. ते लक्षात येताच ओराय-१ नावाची मार्गिका उघडते, बाहेरील कॅल्शियम आत शिरते आणि हिस्टामाइन बाहेर पडते. ओराय-१ ची ओळख २००६ मध्ये पटली, तीही जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या एका कुटुंबाच्या अभ्यासातून. तिला रोखणारी औषधे सर्दीसाठी अद्याप संशोधनाच्याच टप्प्यावर आहेत.

जुनाट सायनसच्या विकारात सीएफटीआर या क्लोराइड-मार्गिकेचा विचार करावा लागतो. ती मंदावली की श्लेष्मा घट्ट होऊन साचतो व जंतूंना आसरा मिळतो. तंबाखूच्या धुराने तिचे कार्य घटते, हे प्रयोगांत दिसून आले आहे.

सर्वांत फसवी गोष्ट बाम आणि वाफेतील मेंथॉलची आहे. मेंथॉल थंडाव्याची टीआरपीएम-८ ही मार्गिका उघडते व नाक मोकळे झाल्याची भावना होते. प्रत्यक्ष मोजमाप केल्यास हवेला होणारा अडथळा मात्र तेवढाच आढळतो. नाकात मांसल गाठ वाढत असलेला रुग्ण बामच्या या दिलाशावर महिनोन्‌महिने काढू शकतो, आणि उपचाराला उशीर होतो.

कॅप्सेसिनचा उलट उपयोगही झाला आहे. ॲलर्जी नसताना सतत वाहणाऱ्या नाकात त्याची नियंत्रित मात्रा फवारल्यास अतिसंवेदनशील मज्जातंतू शांत होतात, असे बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनी दाखविले. ॲलर्जीच्या सर्दीत मात्र अशा लाभाचा पुरावा अपुरा आहे. तेथे नाकात फवारावयाची स्टिरॉइड औषधे व हिस्टामाइनरोधक गोळ्या हाच प्रचलित उपचार होय. हे फवारे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिले जातात. घरची मिरपूड वा तिखट नाकात ओढल्यास श्लेष्मल त्वचेला इजाच होते.