टाकीतल्या रोपांना किती उजेड हवा? रोपांनाच विचारूया

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी निमगाव सावाला घरच्या पडवीत दोन काचेच्या टाक्या मांडल्या होत्या. एकीत हायड्रिला, दुसरीत व्हॅलिसनेरिया. वर एलईडी दिवे आणि स्विचबोर्डात खटक्यांचा साधा टायमर, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. सहाव्या आठवड्यात पानांवर हिरवा बुरसा दिसायला लागला आणि काचा शेवाळाने भरल्या. मी म्हटलं, दिवा जास्त झाला. कमी वॅटचा आणून लावला. त्याच दिवशी खतही निम्मं केलं.

दोन दिवसांनी आजी म्हणाली, "अगं, तुझा तो दिवा रात्री अकरालाही चालूच असतो की!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साधा टायमर विजेवर फिरतो. वीज गेली की त्याचं घड्याळही थांबतं. रोज तासभर वीज गेली तर पाच दिवसांत टायमर पाच तास मागे पडतो, म्हणजे दहा ते सहाचा दिवस दुपारी तीन ते रात्री अकरा होतो. त्यात पडवीत सकाळपासून खिडकीचं ऊन येतच होतं. मी कागदावर आठ तास लिहीत होते आणि रोपांना सोळा तास उजेड मिळत होता. सहा आठवड्यांच्या नोंदी बाद झाल्या. शिवाय दिवा आणि खत एकदम बदलल्यामुळे नंतर शेवाळ कमी झालं तेव्हा ते कशामुळे, हेही सांगता येईना.

म्हणून "टाकीसाठी कोणता दिवा घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी तीन प्रश्न उलट विचारते: उजेड किती, कुठल्या रंगाचा आणि किती वेळ?

किती: वॅट आणि लक्स विसरा

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, एवढंच. 'लिटरमागे इतके वॅट' हा नियम ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडी तेवढ्याच विजेत बराच जास्त उजेड देतो, त्यामुळे तो नियम आता लागू पडत नाही.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो आणि लक्समीटर त्याच हिशोबाने मोजतो. रोपाला मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजून हवे असतात. दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, हे त्याचं माप. भर दुपारच्या उन्हात हा आकडा सुमारे २०००पर्यंत जातो. साध्या, सावकाश वाढणाऱ्या पाणवनस्पतींच्या टाकीला २० ते ४० पुरतात.

हे मोजणारं मीटर महाग असतं, आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांत नसतंही. जुगाड असा: पांढऱ्या एलईडीचे लक्स ७०ने भागा, ढोबळ अंदाज मिळतो. उन्हासाठी हा भाजक ५४ आहे. टाकी रिकामी आणि कोरडी असताना लक्समीटर तळाशी, रोपांच्या उंचीवर ठेवा. समजा २१०० लक्स आले, तर उत्तर सुमारे ३०. मोबाइलचं ॲपही चालेल, पण फक्त तुलनेपुरतं, कारण प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळा असतो. जांभळ्या 'ग्रो लाइट'ला हा हिशोब अजिबात लावू नका. त्यातला निळा-लाल प्रकाश लक्समीटरला जवळजवळ दिसतच नाही.

कुठल्या रंगाचा: जांभळाच का?

क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं, हे आपण पाठ केलेलं असतं. त्यावरून हिरवा प्रकाश वाया जातो असा निष्कर्ष काढणं चूक आहे. कीथ मॅक्री यांनी १९७२मध्ये २२ पीक-वनस्पतींवरची मोजमापं प्रसिद्ध केली. पानं हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणासाठी बऱ्यापैकी वापरतात, हे त्यांतून स्पष्ट झालं. त्यामुळे साधा पांढरा एलईडी पुरतो. खोक्यावरचे ६५०० केल्विन हा उजेडाचा रंग कसा दिसतो त्याचा आकडा आहे, तो किती पडतो याचा नव्हे.

पाणी लाल प्रकाश शोषतं, हेही खरं. पण स्वच्छ पाण्याच्या ४० सेंटिमीटर थरात ६८० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे १७ टक्केच कमी होतो. टाकीत खरा तोटा होतो तो गढूळ पाण्यामुळे, वरच्या पानांच्या सावलीमुळे आणि दिवा उंच टांगल्यामुळे.

किती वेळ: गुणाकार करा

४० मायक्रोमोल, रोज ८ तास. म्हणजे ४० × ३६०० × ८ = सुमारे ११.५ लाख मायक्रोमोल, अर्थात दिवसाला १.१५ मोल. माझ्या टाकीत दिव्याचे तास वाढले नव्हते, पण उन्हाचे आणि दिव्याचे तास एकमेकांवर पडायचे ते एकापुढे एक लागले. नवीन टाकीला ६ ते ८ तास पुरे. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचा टायमर घ्या आणि टाकी खिडकीपासून लांब ठेवा.

आता रोपालाच विचारा

बारावीला केलेला हायड्रिलाच्या बुडबुड्यांचा प्रयोग आठवतो? तोच इथे कामाला येतो. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, ताजी कापलेली फांदी उलटी बुडवा आणि दिवा जवळ-लांब करत मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. प्रत्येक जागी आधी पाच मिनिटं थांबा आणि अंतराऐवजी फांदीजवळचे लक्स नोंदवा. लांबट एलईडी पट्टीला 'अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात' हा नियम जवळून लागू होत नाही.

आलेख सुरुवातीला चढतो, मग वाकतो आणि शेवटी सपाट होतो. दिवा निवडायचा तो वाकण्याच्या अलीकडचा. सपाट भागात आणखी उजेड ओतला तर रोपाला काही मिळत नाही, शेवाळाचं मात्र फावतं. आणि टाकीत हे वाकणं प्रयोगातल्यापेक्षा आधीच येतं, कारण तिथे सोडा नसतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो आणि हवेशी समतोल असलेल्या पाण्यात तो लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतो. ताटात भाकरी अर्धीच असेल तर कालवण कितीही वाढून काय उपयोग? हायड्रिला पाण्यातलं बायकार्बोनेटही वापरतो, म्हणून तो तग धरतो. सगळ्या वनस्पतींना ते जमत नाही.

एक विनंती. प्रयोगासाठी हायड्रिला भरपूर मिळतो, तोच वापरा. कास पठारावरचा वायतुरा किंवा सह्याद्रीच्या ओढ्यांतली दुर्मिळ रोपं टाकीसाठी उपटू नका.

संशोधनाला येणाऱ्यांसाठी शेवटचं. 'दिवा: ९ वॅट, ८ तास' ही नोंद अपुरी आहे. दिव्याचा प्रकार, पानाच्या उंचीवरचं मोजमाप, दिवा प्रत्यक्ष लागल्या-विझल्याची वेळ आणि खिडकीचं ऊन, हे चारही वहीत हवं. एका वेळी एकच गोष्ट बदला. एका दिव्याखाली तीन बरण्या ठेवल्या म्हणजे तीन प्रयोग झाले असं नाही, दिवा एकच असतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४मध्ये या चुकीवर अख्खा लेख लिहिला, तरी ती अजून होते.

माझ्या नव्या वहीत आता दोन रकाने आहेत: टायमरची वेळ आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ. दुसरा आजीमुळे आला.