महिमापूरची सातमजली पायविहीर

महिमापूरची पायविहीर अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात आहे. अंजनगाव सुर्जीहून दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर दर्यापूर लागते आणि तिथून हे खेडे जवळच आहे. विहीर चौरस आहे. तिला सात मजले, सुमारे ८० फूट खोली आणि ८० हून अधिक पायऱ्या आहेत. वऱ्हाडातल्या जुन्या विहिरींत हिला पहिला मान द्यायला हरकत नसावी. तरी लांबून पाहणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही, कारण सगळी इमारत जमिनीखाली आहे.

तिचे मोल कळायला भोवतालची जमीन आधी समजून घ्यावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याचा उतार अंजनगावाजवळ संपतो. तिथे विहिरीला गोडे पाणी लागते, आणि त्याच पाण्यावर पानमळे, पानपिंपळी, केळी आणि संत्री उभी आहेत. दक्षिणेकडे सरकावे तशी पूर्णा नदीच्या गाळाची काळी सपाटी सुरू होते. हा गाळ काही ठिकाणी ३०० मीटरहून खोल आहे. त्याच्या चिकण थरांतून पाण्याचा निचरा फार मंद होतो आणि क्षार आत साठून राहतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हाच खारपाणपट्टा. इथल्या विहिरींच्या पाण्याने ओलीत केले तर जमीन चोपण होते; म्हणून कपाशी, तूर, मूग आणि हरभरा ही कोरडवाहू पिकेच शेतकऱ्याने धरली. खारेपणा सगळीकडे सारखा नसतो. गावागणिक, कधी एकाच शिवारात खोलीगणिक, तो बदलतो.

विहीर बांधणाऱ्यापुढे खाऱ्या पाण्याइतकीच मोठी अडचण मातीची होती. सातारा जिल्ह्यातल्या लिंब गावची बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात झाली. तिची खोली महिमापूरच्या विहिरीपेक्षाही जास्त, सुमारे ११० फूट आहे. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी थोडे खणले की काळा कातळ लागतो, आणि कातळाची भिंत आपल्या बळावर उभी राहते. पूर्णेच्या गाळात हा आधार नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्याच्या बाजूंना वर्षभर रेटत राहते. त्यामुळे बांधकाम वरपासून तळापर्यंत चिरेबंदी करण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय या सपाटीत दगडाची खाण नाही. लागलेला प्रत्येक चिरा डोंगराकडून गाड्यांवर लादून आणलेला असणार.

मजल्यांचे कामही इथेच कळते. खोल पायविहिरीतल्या कमानी, आडवे तट आणि सज्जे ही नुसती शोभा नसते. समोरासमोरच्या भिंतींना ते आधार देतात आणि मातीच्या रेट्याने त्या आत झुकू नयेत म्हणून ठरावीक उंचीवर त्यांना पेलून धरतात. खोली वाढली की असे टप्पे वाढतात. सात मजले हा बांधणाऱ्याचा डौल असेलही, पण एवढ्या खोल खड्ड्याला या मातीत त्यांची गरजही होती. त्याच टप्प्यांवर माणसांना टेकायला सावली मिळाली. वैशाखात वर जमीन तापलेली असताना खाली हवा गार असते, हा सोयीचा भाग.

पायऱ्यांचा हिशेब पावसाशी जुळलेला आहे. या भागात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. भाद्रपदात पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढते आणि जेठात तळ गाठते. दोराच्या विहिरीवर दोर लांबवावा लागतो. पायविहिरीत माणूस पाण्यामागे उतरतो. बाईच्या डोक्यावरची घागर मात्र भर उन्हाळ्यातच सगळ्यांत जास्त पायऱ्या चढत होती, हे सौंदर्याच्या कौतुकात सहसा कोणी मोजत नाही. 

काळाबद्दल एकमत नाही. काही जण तिला यादवकाळात नेतात, काही बहामनी किंवा इमादशाही काळात. प्रवेशाची टोकदार कमान दुसऱ्या मताच्या बाजूने बोलते. यादवांच्या कामात दार खांब आणि तुळईवर तोललेले असते. टोकदार कमान दख्खनच्या सुलतानी स्थापत्यातली. कमानीच्या खांद्यांवरची कमळे पाहून ती हिंदू खूण मानण्याची घाई होते. पण अशी फुले सुलतानी दरवाजांवरही सर्रास आढळतात. वऱ्हाडात या काळात बांधकाम जोरात होते: गाविलगड १४२५ मध्ये अहमदशाह बहामनीने उभारला, नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा आहे, आणि १४९० मध्ये अचलपूरला इमादशाही सुरू झाली. या मालिकेत महिमापूरची विहीर चपखल बसते.

आता या भागातल्या गावांना पिण्याचे पाणी सातपुड्यातल्या शहानूर धरणातून नळाने येते. विहीर पाहायला जाणाऱ्याने उन्हाळ्याचे दिवस निवडावेत, कारण पाणी उतरल्याशिवाय खालचे मजले उघडे पडत नाहीत; पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या घसरतात. तालुक्यातच पूर्णाकाठी लासूरचे यादवकालीन आनंदेश्वर मंदिर आहे. तिथली खांब-तुळईची रचना आणि महिमापूरची कमान एकाच दिवशी पाहून घेतली, तर काळाच्या वादात कोणाची बाजू घ्यावी ते आपले आपणच ठरवता येते.