हाडातली वीज

येडशीतल्या घराघरांत आता गॅसचा लायटर आहे. त्याची कळ दाबली की आतल्या स्फटिकावर ठोका बसतो आणि ठिणगी पडते. दाबातून वीज निर्माण करण्याचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली दाखविला. आपल्या हाडातही तो आहे, हे जपानच्या फुकादा व यासुदा यांनी १९५७ मध्ये सिद्ध केले.

डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईच्या मांडीच्या हाडावर भार पडतो. हाडातील कोलॅजन या प्रथिनाचे तंतू किंचित वाकतात आणि वीज उत्पन्न होते. अगदी थोडी, पण पेशींना पुरेशी असावी. मज्जेत मूलपेशी असतात. त्यांतून हाड, कूर्चा किंवा चरबीही होऊ शकते. बेरियम टायटॅनेटसारख्या वीज देणाऱ्या पदार्थावर त्या प्रयोगशाळेत वाढविल्या, तर पेशीच्या आवरणातील कॅल्शियमची दारे उघडतात आणि पेशी हाडाकडे वळतात, असे आढळले आहे.

न जुळणाऱ्या हाडात अशा पदार्थाचा तुकडा बसवावा, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते. मात्र बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चालू आहे. बाजारातल्या विजेच्या पट्ट्यांशी त्याचा संबंध जोडू नये. शिवाय अशा तुकड्याला बॅटरी नसते. भार पडला तरच तो वीज देणार, म्हणजे डॉक्टर सांगतील तेव्हा रोग्याला उठून चालावे लागेलच.